जडसंग्रह

बॅटन रूजहून निघताना फाईल बाजूच्या सीटवर ठेवते,
तिला पट्टा लावते. नाहीतर माणूस बसलाय समजून
गाडी टुंटुं करत राहते. इतकी जाड.
महामारीच्या साली खासगी शाळांना दिलेली तातडीची मदत,
तिच्या पावत्या, करार, आणि शेवटच्या पानावर
झोपेतही म्हणता येईल अशी ओळ:
वस्तू शाळेत राहील, मालकी राज्याची राहील.

ग्रां-बोआ. सेंट ओडिलची शाळा.
तेव्हा एकशे बारा मुलं, आता एकाहत्तर.
मुख्याध्यापिका व्हर्लीन गिड्री दारातच कॉफी पुढे करते.
किती रकमेपासून लाच धरायची ते नियमात दिलंय,
कॉफी त्याच्या खूप खाली येते.
तरी नको म्हणते.

हवा शुद्ध करणारी यंत्रं, नग चाळीस.
वर्गावर्गांत वाकून त्यांच्या पाठीवरचे नंबर वाचते,
बाजारात गुरं बघावीत तशी.
एक मुलगी विचारते, परत न्यायला आलात?
नाही गं, आहे का ते बघायला.
मग बघा, म्हणते ती,
आणि जाळीवर चिकटवलेला कागदी घोडा
जरा बाजूला सरकवते, नंबर दिसावा म्हणून.

एकोणचाळीस.
पुन्हा मोजते. एकोणचाळीस.
हातचा एक कुणीतरी घेतलाय
आणि मिळवायला विसरलंय.
व्हर्लीन भिंतीकडे बघते. भिंतीवर क्रूस आहे.
त्याला नंबर नाही. तो आमच्या पैशाचा नाही.

ओव्हीड ब्रूसार्ड, शिपाई,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दोन्ही गुडघे गेलेले,
या माझ्याबरोबर, एवढंच म्हणतो
आणि मैदान ओलांडून चर्चमध्ये नेतो.
पापांच्या कबुलीची लाकडी खोली.
फादर बसायचे त्या बाजूने घूं घूं येतंय.

'धार्मिक कामासाठी वापर करता येणार नाही.'
कलम सहा. मीच टाईप केलं होतं ते, त्या एप्रिलमध्ये,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
हॉस्पिटलचा फोन वाजू नये आणि वाजावाही, अशा रात्री.

नंबर वाचायचा तर आत बसावं लागतं.
बसते.
पलीकडे फळी करकरते. ओव्हीड गुडघ्यांवर.

मीच आणलं, जाळीतून आवाज येतो,
रात्री, ढकलगाडीवर घालून.
फादर यूस्टाश हॉस्पिटलातून परत आले
ते अर्धी फुप्फुसं घेऊन.
लोक पाप सांगायला लागायचे, यांना खोकला लागायचा,
पाप अर्ध्यावर थांबायचं.
अर्धं पाप घरी नेणं बरं नाही, मिस डेल्फीन.

यावर काय म्हणतात मला ठाऊक नाही.
मी बाप्टिस्ट. आमच्यात हिशेब थेट देवाशी,
मध्ये ऑडिटर नसतो.

फादरना भेटता येईल?
गेले. मागच्या उपवासकाळात.
मग हे अजून चालू का?

थोडा वेळ यंत्रच बोलतं.

बंद करा असं कुणी सांगितलं नाही, तो म्हणतो.
मग आणखी हळू:
आणि रिकाम्या खोलीत कुणी श्वास घेतल्यासारखं वाटतं.

जडसंग्रह नोंदवहीत पर्याय तीनच:
आढळले, आढळले नाही, निर्लेखित.
'आढळले'वर खूण करते. ते खोटं नाही.
पुढचा रकाना, ठिकाण.
तिथे पेन टेकलंय,
शाईचा ठिपका फुगत चाललाय.

सहाशे बारा डॉलर. तीस दिवसांत वसुली.
एकाहत्तर मुलांची शाळा.
आणि कलम सहा, ज्यात स्वल्पविरामसुद्धा माझा.

जाळीपलीकडे किल्ल्या वाजतात.
ओव्हीड उठू बघतोय, जमत नाहीये.
हात द्यावा लागेल त्याला,
आणि त्यासाठी आधी मला
या खुर्चीतून उठावं लागेल.